अपस्माराचा झटका: पहिल्या ६० मिनिटांत कोणी काय करायचे

अपस्माराचे बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. माणूस कोसळतो, अंग ताठ होते, हातपाय लयीत झटकू लागतात, तोंडाला फेस येतो, कधी कपड्यांत लघवी होते आणि मग सगळे शिथिल होऊन तो गाढ झोपल्यासारखा पडून राहतो. अशा झटक्यात शेजारी शांतपणे बसून राहणारा आणि इजा होऊ न देणारा एक माणूस पुरेसा असतो. थोड्या रुग्णांमध्ये मात्र झटका थांबत नाही किंवा एक संपून शुद्ध येण्याच्या आतच दुसरा सुरू होतो, आणि त्यांना काही मिनिटांतच औषध मिळावे लागते. अडचण अशी की पहिल्या मिनिटाला हे दोन्ही रुग्ण अगदी सारखे दिसतात. त्यांच्यातला फरक फक्त घड्याळ दाखवते, आणि तातडीच्या उपचारांची सारी जुळवणी त्या घड्याळाभोवतीच करावी लागते.

झटका लांबला की तो थांबवणे कठीण का होते, हे समजले तर पुढचे बरेचसे आपोआप समजते. झटक्यात मेंदूतील पेशींचे मोठे समूह एकाच वेळी, अनावर वेगाने विद्युत संदेश सोडू लागतात. एरवी पेशींना आवर घालण्याचे काम गाबा नावाचे रसायन करते. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटते आणि पेशी शांत होते. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही झटका थांबवणारी पहिल्या फळीची औषधे याच ग्राहकांवर काम करून गाबाचा परिणाम वाढवतात. पण झटका चालू राहिला की पेशी हे ग्राहक पृष्ठभागावरून आत ओढून घेऊ लागते. औषध तेच, मात्रा तीच, तरी २५व्या मिनिटाला त्याला काम करायला जागाच कमी उरलेली असते. त्याच काळात शरीराचे तापमान वाढते, रक्तातील आम्लता वाढते, सुरुवातीला चढलेला रक्तदाब पुढे घसरू लागतो आणि ऑक्सिजनची मागणी भागेनाशी होते.

म्हणूनच अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये दोन वेळा निश्चित केल्या. सर्वांग झटकणारा झटका ५ मिनिटांपलीकडे गेला की तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी झाली असे मानून उपचार सुरू करायचे. आणि ३० मिनिटांपलीकडे गेला तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका निर्माण झाला असे समजायचे. मुंबईतल्या कुणालाही या २५ मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको. संध्याकाळी सात वाजता सायनहून परळला गाडीने जायला किती वेळ लागेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. त्यामुळे रुग्णाला औषधापर्यंत नेण्यापेक्षा औषध रुग्णापर्यंत आणणे, हा या शहरापुरता तरी अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

झटका सुरू होतो तेव्हा

पहिले काम घड्याळ पाहण्याचे. शक्य असेल तर एकाने मोबाइलवर चित्रफीत काढावी. पुढे डॉक्टरांना तिचा अतोनात उपयोग होतो, कारण रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुतेक झटके थांबलेले असतात आणि डॉक्टरांना प्रत्यक्ष काहीच पाहायला मिळत नाही. मात्र ती चित्रफीत नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यापुरतीच राहावी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिला जागा नाही.

दुसरे काम जागा मोकळी करण्याचे. डोक्याखाली दप्तर किंवा घडी घातलेला सदरा द्यावा, चष्मा काढावा, गळ्याभोवतीचे बटण सैल करावे, टोकदार किंवा गरम वस्तू दूर सारावी आणि शक्य होताच रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ आणि उलटी श्वासनलिकेत न जाता बाहेर पडते. हातपाय दाबून धरू नयेत. त्याने झटका थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. दातांमध्ये चमचा, रुमाल किंवा बोट घालू नये. जीभ गिळली जात नाही, ती फार तर चावली जाते, आणि ती जखम काही दिवसांत भरून येते; तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर तो प्रसंग कितीतरी अधिक गंभीर असतो. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी कशानेही झटका थांबत नाही. तो आपोआप थांबणारच असतो, श्रेय मात्र चपलेला मिळते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी, चहा, साखर किंवा गोळी तोंडात घालू नये.

झटका थांबल्यावर रुग्ण काही वेळ गोंधळलेला असतो. उठून चालू लागतो, विचारलेल्याचे उत्तर देत नाही, अडवले तर प्रतिकार करतो. अशा वेळी तो दारू प्यायलेला आहे असा गैरसमज गर्दीत हमखास होतो. त्याला धरून ठेवण्यापेक्षा त्याच्या आणि रस्त्याच्या, किंवा फलाटाच्या कडेच्या, मध्ये उभे राहावे आणि हळू आवाजात बोलत राहावे.

प्रत्येक झटक्याला रुग्णवाहिका लागत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. ज्याला अपस्मार असल्याचे आधीच माहीत आहे, ज्याचा झटका नेहमीसारखा दोन मिनिटांत थांबला आणि जो हळूहळू शुद्धीवर येतो आहे, त्याला बळेच कॅज्युअल्टीत नेऊन काही साधत नाही. मात्र झटका ५ मिनिटे चालला, दुसरा झटका आला, हा आयुष्यातला पहिलाच झटका असला, डोक्याला मार लागला, झटका पाण्यात आला, श्वास नीट सुरू होत नसला, किंवा रुग्ण गर्भवती अथवा मधुमेही असला, तर थांबू नये. रुग्ण अनोळखी असेल तर त्याचा हा पहिलाच झटका आहे असे समजूनच वागावे.

लोकलमध्ये, चाळीत आणि रस्त्यावर

लोकलच्या डब्यात झटका आला की पहिला प्रश्न साखळी ओढण्याचा असतो. दोन स्थानकांच्या मध्ये साखळी ओढली तर गाडी अशा ठिकाणी उभी राहते जिथे ना स्ट्रेचर येऊ शकते ना डॉक्टर. धिम्या गाडीला पुढचे स्थानक तीन-चार मिनिटांवर असते, तोवर डब्यातच जागा करून रुग्णाला कुशीवर ठेवणे आणि एकाने १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर गाडीची दिशा, डबा आणि पुढचे स्थानक कळवणे अधिक उपयोगाचे ठरते. जलद गाडीचा हिशेब वेगळा. अंधेरीहून सुटलेली जलद गाडी थेट बोरिवलीला थांबणार असेल, तर मधल्या वेळात झटका ५ मिनिटांची मर्यादा सहज ओलांडू शकतो. अशा वेळी बोरिवलीच्या फलाटावर मदत तयार राहावी म्हणून फोन अंधेरी सुटताच व्हायला हवा. झटका थांबतो का ते पाहू, असे म्हणत बसू नये. स्थानकात स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातून स्ट्रेचर आणि हमाल मिळतात, आणि काही स्थानकांवर वैद्यकीय कक्षही आहेत. एकाने मास्तरांकडे धावावे, दुसऱ्याने रुग्णाचा फोन आणि पिशवी सांभाळावी, तिसऱ्याने रुग्णाजवळून हलू नये. ही वाटणी मोठ्याने बोलून केली नाही तर पन्नास माणसे जमतात आणि फोन एकही जण करत नाही.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती विनामूल्य आहे आणि तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. मुंबईच्या गल्ल्या आणि कोंडी ध्यानात घेऊन २०१७ मध्ये मोटारसायकलवरून येणाऱ्या डॉक्टरांची जोडही तिला दिली गेली. मोटारसायकलवरून रुग्ण नेता येत नाही, पण झटक्याच्या बाबतीत तोच तिचा फायदा आहे, कारण इथे आधी औषध पोहोचायला हवे असते. फोनवर बोलताना पहिल्या वाक्यात ठिकाण सांगावे, ठळक खुणेसह; दुसऱ्यात झटका किती वाजता सुरू झाला आणि अजून चालू आहे का ते; तिसऱ्यात वय आणि श्वास. ‘माणूस बेशुद्ध पडलाय, लवकर या’ एवढ्यावर फोन ठेवला तर पलीकडच्या माणसाला काहीच ठरवता येत नाही. चाळीत किंवा जुन्या इमारतीत एकाने आधीच खाली जाऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे, आणि सोसायटीत वॉचमनला फाटक उघडे ठेवून लिफ्ट तळमजल्यावर रोखून धरायला सांगावे. रुग्णवाहिका दारात येऊनही जिना, बंद फाटक आणि चुकीचा विंग यांत जाणारी मिनिटे ही सर्वांत स्वस्तात वाचवता येणारी मिनिटे आहेत.

पहिले औषध: लवकर आणि पुरेसे

रुग्णालयाबाहेर औषध द्यावे की नाही, हा वाद संशोधनाने जवळपास मिटवला आहे. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या अभ्यासात रुग्णवाहिकेतच लोराझेपाम दिलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांचा झटका रुग्णालयात पोहोचण्याआधी थांबला. औषधाविना नेलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. या औषधांनी श्वास मंदावेल ही भीती सर्वत्र असते, आणि ती निराधारही नाही. पण त्याच अभ्यासात श्वसनाच्या व रक्तदाबाच्या गुंतागुंती औषध न मिळालेल्यांमध्ये अधिक आढळल्या. लांबलेला झटका स्वतःच श्वास अडवतो, औषधापेक्षा जास्त.

पुढचा प्रश्न औषध कुठून द्यायचे याचा. थरथरणाऱ्या हातात, हलत्या गाडीत शीर सापडायला वेळ लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत मांडीच्या स्नायूत दिलेले मिडाझोलाम आणि शिरेतून दिलेले लोराझेपाम यांची तुलना झाली, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत झटका थांबलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७३ आणि ६३ टक्के निघाले. शिरेतील औषध एकदा दिल्यावर अधिक वेगाने काम करत होते, पण ते देण्यातच वेळ जात होता. मिडाझोलामची ठरलेली मात्रा ४० किलोपेक्षा जास्त वजनाच्या माणसाला १० मिलिग्रॅम, आणि १३ ते ४० किलो वजनाला ५ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात भीतीपोटी दोन-अडीच मिलिग्रॅम देऊन वाट पाहिली जाते, मग पुन्हा थोडे दिले जाते, आणि तोवर ग्राहक आत गेलेले असतात. माझ्या मते या साखळीतील सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज सुधारता येणारा दोष हाच आहे: औषध दिले जाते, पण अर्धवट.

घरच्यांसाठी नाकात मारण्याचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. यातही मात्रेचा घोळ होतो, कारण एका दाबातून किती औषध निघते हे प्रत्येक फवाऱ्यात सारखे नसते, ०.५ आणि १.२५ मिलिग्रॅम असे दोन प्रकार नेहमी दिसतात. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम सांगितले असतील तर १.२५च्या प्रकारात दोन्ही नाकपुड्या मिळून चार दाब होतात आणि ०.५च्या प्रकारात दहा. ‘नाकात स्प्रे मारा’ एवढाच सल्ला घेऊन घरी आलेली आई एक दाब देऊन थांबते आणि औषध लागू पडले नाही असे समजते. म्हणून किती दाब, प्रत्येक नाकपुडीत किती, कितव्या मिनिटाला आणि पुन्हा द्यायचे की नाही, हे चार मुद्दे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावेत आणि ते कागद फवाऱ्यालाच रबरबँडने बांधून ठेवावेत.

कोणते रुग्णालय

मुंबईकरांचा स्वाभाविक कल मोठ्या, नावाजलेल्या रुग्णालयाकडे असतो. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, सायनचे लोकमान्य टिळक, भायखळ्याचे जे. जे. आणि लहान मुलांसाठी परळचे वाडिया ही रुग्णालये अवघड रुग्णांसाठी आहेतच. पण झटका चालू असताना पहिल्या टप्प्याला मेंदुविकारतज्ज्ञ लागत नाही. ऑक्सिजन, साखर तपासण्याचे यंत्र, शिरेत सुई लावणारा हात आणि पूर्ण मात्रेचे इंजेक्शन जिथे आहे, ते सर्वांत जवळचे रुग्णालय योग्य. मग ते उपनगरातील महापालिकेचे असो वा कोपऱ्यावरचे खासगी नर्सिंग होम. ‘आमच्याकडे न्यूरो नाही, पुढे न्या’ असे दारातच सांगणे चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देण्याचे कर्तव्य आहे असे स्पष्ट केले आहे. पुढे पाठवायला कोणाचीच हरकत नाही. इंजेक्शन न देता पाठवायला मात्र आहे.

कॅज्युअल्टीतील कामाचा क्रम साधारण असा असतो. श्वासमार्ग मोकळा करणे, ऑक्सिजन, बोटातून साखर. साखर कमी असेल तर ग्लुकोज, आणि रुग्ण कुपोषित किंवा मद्यपी असल्यास त्याआधी थायामिन. अपस्मारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते २० मिनिटे ही पहिल्या औषधाची वेळ, आणि २० ते ४० मिनिटे दुसऱ्याची. दुसऱ्या टप्प्यात लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट शिरेतून दिले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिन्हींनी जवळजवळ निम्म्या रुग्णांत यश मिळवले, म्हणजे त्यांच्यात डावे-उजवे काही नाही. हाताशी जे आहे आणि रुग्णाला जे चालते ते लगेच द्यावे. मात्र गर्भवतीला व्हॅल्प्रोएट टाळायचे असते, आणि फॉसफेनिटॉइनऐवजी साधे फेनिटॉइन वापरले तर ते ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळता येत नाही, तसेच ते देताना हृदयाचा आलेख पाहत राहावा लागतो. ४० मिनिटांनंतरही झटका चालू असेल तर रुग्णाला भूल देऊन, कृत्रिम श्वासावर, आयसीयूत न्यावे लागते. आणि त्या बेडची चौकशी ४०व्या मिनिटाला सुरू करून चालत नाही, दुसरे औषध चढवतानाच एकाने फोनला लागायचे असते.

कारणाचा शोध याच्या जोडीनेच चालतो. आपल्याकडे मेंदूतील फीतकृमीच्या गाठी आणि क्षयाच्या गाठी ही झटक्यांची नेहमीची कारणे आहेत. त्याशिवाय मेंदुज्वर, पक्षाघात, रक्तातील सोडियम किंवा कॅल्शियम घटणे, अचानक दारू सोडणे, आणि पावसाळ्यात तापासोबत झटका आला तर मेंदूचा मलेरिया. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला ताप चढताना येणारा झटका बहुधा निरुपद्रवी असतो, पण तो पहिल्यांदा आला तर डॉक्टरांनी पाहायलाच हवा. गर्भारपणाच्या उत्तरार्धात किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत वाढलेल्या रक्तदाबासह आलेल्या झटक्याला मॅग्नेशियम सल्फेट लागते, आणि अशी बाई प्रसूती विभाग असलेल्या रुग्णालयातच न्यावी लागते. जवळच्या रुग्णालयाच्या नियमाला हा खरा अपवाद.

दोन सापळे डॉक्टरांनाही चकवतात. एकात हातपायांचे झटके थांबतात पण रुग्ण तासाभराने देखील जागा होत नाही. मेंदूतला झटका आतल्या आत चालूच असू शकतो आणि तो ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्यात झटका मानसिक ताणातून आलेला असतो: डोळे घट्ट मिटलेले, मान दोन्ही बाजूंना हलणारी, जोर कमी-जास्त होत बराच वेळ चालणारा. हे सोंग नसते, पण त्यावर औषधांमागून औषधे चढवली तर रुग्ण विनाकारण कृत्रिम श्वासावर जातो. सुरुवातीला काढलेली ती चित्रफीत इथे कामी येते.

हातातून हातात जाणारी माहिती

घरचे, शेजारी, १०८चे डॉक्टर, जवळचे रुग्णालय, मोठे रुग्णालय असा पाच हातांतून रुग्ण जातो आणि प्रत्येक हातबदलात काही ना काही गळते. सर्वांत जास्त गळणाऱ्या गोष्टी दोन: झटका सुरू झाल्याची वेळ, आणि आधी दिलेले औषध. त्या न कळल्याने कधी तेच औषध दुसऱ्यांदा दिले जाते आणि श्वास मंदावतो. तर कधी ‘तिथे दिलेच असेल’ या समजुतीने काहीच दिले जात नाही. म्हणून वेळ, औषध, मात्रा आणि कोणत्या मार्गाने दिले, हे कशावरही लिहावे. रुग्णाच्या मनगटावर पेनाने लिहिले तरी चालेल. कागद हरवतात, मनगट हरवत नाही. नेहमीच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुना केसपेपर सोबत न्यावा, कारण गोळी चुकणे हे झटका लांबण्याचे एक फार सामान्य कारण आहे, आणि ती कोणती गोळी होती हे कळले आणि ते औषध शिरेतून देण्याजोगे असेल तर तेच देता येते.

रुग्ण घरी जाताना त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘मेंदुविकार विभागात दाखवा’ एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी पुढचा झटका आला तर काय करायचे याची लेखी सूचना, फवाऱ्याची चिठ्ठी आणि किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या त्याच्या हाती पडायला हव्यात. शाळेत वर्गशिक्षकांना, कार्यालयात शेजारच्या टेबलावरील एका सहकाऱ्याला आणि रोजच्या लोकलमधील गटातल्या एकाला ही सूचना माहीत असावी. जागरण, उपास आणि चुकलेली गोळी ही झटक्याला निमंत्रण देणारी कारणे गणपतीत, नवरात्रात आणि रमजानमध्ये एकत्र येतात, तर पावसात पाणी तुंबले की दोन-दोन दिवस औषधाचे दुकान गाठता येत नाही. तेव्हा फवाऱ्यावरची मुदतीची तारीख आणि गोळ्यांचा साठा मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि गणपतीच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा पाहून घ्यावा, आणि उपास करायचा असेल तर गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.